ओढ्याकाठचे टेबल आणि एकोणीस कोटी वर्षे

अमेरिकेच्या युटा राज्यात गारफील्ड नावाची काउंटी आहे. २०२०च्या जनगणनेत तिथे ५,०८३ माणसे भरली. काउंटीचे क्षेत्रफळ ५,२०८ चौरस मैल. म्हणजे प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, एकेक चौरस मैल वाटून दिला तरी थोडी जमीन उरेलच. माणसांच्या मानाने जमीन इतकी असूनही एकत्र बसून चार घास खावेत अशी सावली मात्र तिथे फार थोड्या ठिकाणी मिळते. वर्षाला जेमतेम पंचवीस-तीस सेंटिमीटर पाऊस, उन्हाळ्यात पस्तिशीच्या पुढे जाणारा पारा आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत उघडा, लाल-पांढरा खडक. असा हा मुलूख आहे.

या खडकाळ प्रदेशात एस्कलांटे आणि बोल्डर या दोन गावांच्या मधल्या एका खोल घळीतून काफ क्रीक नावाचा ओढा वाहतो. ओढ्याकाठी कॉटनवुडची उंच झाडे आहेत, झाडांखाली सहलीची टेबले आहेत आणि गाड्या लावायला बेताची जागा आहे. चार-पाच कुटुंबांनी मिळून यावे, डबे सोडावेत, मुलांनी गार पाण्यात पाय बुडवावेत आणि मोठ्यांनी समोरच्या भिंतींकडे बघत बसावे, अशी ही जागा. दोन्ही बाजूंनी उंच कडे असल्यामुळे पूर्वी गुराखी दूध तोडलेली वासरे इथे कोंडून ठेवत आणि नाव त्यावरूनच पडले. घळीतून साधारण पाच किलोमीटर वाळूतून चालत गेले की धबधबा लागतो, १२६ फूट म्हणजे ३८ मीटर उंचीचा.

जोगच्या किंवा ठोसेघरच्या धबधब्यापुढे अडतीस मीटर म्हणजे काहीच नाही. काफ क्रीकचा खरा आवाका उंचीत नाहीच. तो शोधायचा तर टेबलासमोरच्या भिंतीतल्या वाळूच्या एका कणापासून सुरुवात करावी लागते.

ही भिंत वालुकाश्माची आहे आणि भूशास्त्रज्ञ त्याला ‘नवाहो सँडस्टोन’ म्हणतात. जवळ जाऊन पाहिले तर त्यात तिरक्या रेषांचे थरावर थर दिसतात. प्रत्येक तिरका थर म्हणजे वाऱ्याने पुढे ढकललेल्या वाळूच्या टेकडीचा एकेकाळचा उतार. सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वी, आजचे सगळे खंड अजून एकमेकांना चिकटलेले असताना, पश्चिम अमेरिकेच्या लाखो चौरस किलोमीटरवर वाळूचा समुद्र पसरला होता. पृथ्वीच्या इतिहासात ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या वाळवंटांमध्ये त्याची गणना होते. या वाळूवरून डायनोसॉर चालत गेले आणि त्यांच्या पावलांचे ठसे याच खडकात काही ठिकाणी सापडले आहेत. वाळू साचत गेली, दबली, खनिजांनी सांधली गेली आणि तिचा खडक झाला. झायन राष्ट्रीय उद्यानात या एकाच थराची जाडी सहाशे मीटरच्या वर जाते. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. ही वाळू त्याच्या जवळजवळ तिप्पट जुनी.

आता थोडा हिशेब करून पाहू. वाळूचा कण सरासरी ०.२ मिलिमीटरचा धरू आणि खडकाचा पाव भाग पोकळी म्हणून सोडून देऊ. तेवढे सोडूनही एका घन सेंटिमीटरमध्ये पावणेदोन लाखांहून अधिक कण बसतात. धबधब्याच्या कड्यावरून माथ्यापासून पायथ्यापर्यंत फक्त एक सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल पट्टी मनातल्या मनात कापली, तर त्या एका पट्टीतच सुमारे ६८ कोटी कण निघतात. एक मीटर रुंद, एक मीटर खोल खांब कापला तर ही संख्या दहा हजार पटींनी वाढून ६.८ लाख कोटींवर जाते. आणि ही घळ कित्येक किलोमीटर लांब आहे, दोन्ही बाजूंना भिंती आहेत, भिंतींच्या मागेही हाच खडक आहे. इथे मी गुणाकार थांबवतो, कारण यापुढच्या शून्यांना मनात आकार येत नाही.

या कणांच्या संख्येहून त्यांनी केलेला प्रवास मला अधिक थक्क करतो. वाळूमध्ये क्वार्ट्झच्या कणांसोबत झिरकॉनचे अगदी बारीक स्फटिकही असतात. झिरकॉन तयार होताना थोडे युरेनियम आपल्यात सामावून घेतो, पण शिसे जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियमचे अतिशय संथ गतीने शिशात रूपांतर होत राहते. युरेनियम-२३८ अर्धे होण्यासाठी ४४७ कोटी वर्षे लागतात. त्यामुळे आज त्या स्फटिकात किती युरेनियम उरले आणि किती शिसे जमले हे मोजले की स्फटिकाच्या जन्माचे वर्ष सांगता येते. ॲरिझोना विद्यापीठातले विल्यम डिकिन्सन आणि जॉर्ज गेरेल्स यांनी कोलोरॅडो पठारावरच्या वालुकाश्मांमधल्या झिरकॉनची वये अशी मोजून २००३ साली प्रसिद्ध केली. अनेक कणांची वये शंभर ते एकशे वीस कोटी वर्षांच्या आसपास निघाली, तर काहींची चाळीस-साठ कोटींच्या घरात. अशा वयांचे खडक युटाच्या आसपास पुरेसे नाहीत. ते आहेत खंडाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडच्या ॲपलाचियन पर्वतात.

म्हणजे काफ क्रीकच्या भिंतीतल्या वाळूचा मोठा हिस्सा अडीच-तीन हजार किलोमीटरवरून आला आहे. ॲपलाचियन पर्वत त्या काळी आजच्यापेक्षा खूप उंच होते. ते झिजले, नद्यांनी त्यांची वाळू खंड ओलांडून पश्चिमेकडे नेऊन टाकली आणि तिथून वाऱ्याने ती दक्षिणेकडे लोटली. टेबलावर बसून बोटाने भिंत घासली आणि चार कण बोटाला चिकटले, तर त्यातला एखादा कण शंभर कोटी वर्षांपूर्वी एखाद्या पर्वताच्या पोटात स्फटिक म्हणून जन्मला असेल, मग नदीतून वाहिला असेल, वाऱ्यावर उडाला असेल, एकोणीस कोटी वर्षे खडकात अडकून पडला असेल आणि आता पुन्हा सुटा झाला असेल. पुढच्या पावसात तो ओढ्यात पडेल, ओढा त्याला एस्कलांटे नदीत नेईल आणि नदी कोलोरॅडोच्या दिशेने. त्याचा दुसरा प्रवास असा सुरू होतो.

पाण्याचा हिशेबही असाच आहे. इतका कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा ओढा बारमाही कसा? उत्तर याच खडकात आहे. वालुकाश्म सच्छिद्र असतो. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी वरच्या पठारावरून कणाकणांमधल्या पोकळीत उतरते, खाली जाते आणि पुढे वाट मिळाली नाही की घळीच्या भिंतीतून पाझरते. म्हणूनच इतक्या रखरखीत मुलखातही भिंतींच्या काही भागांवर शेवाळ आणि नेचे लोंबताना दिसतात. खडकाची सच्छिद्रता वीस टक्के धरली तर एका घनमीटर दगडात दोनशे लिटर पाणी मावते. तीनशे मीटर जाडीचा, एक चौरस किलोमीटरचा तुकडा पूर्ण भिजलेला आहे असे मानले, तर त्यात सहा हजार कोटी लिटर पाणी असेल. आपल्या भाषेत सांगायचे तर २.१ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे. वरून कोरड्याठाक दिसणाऱ्या एका चौरस किलोमीटर दगडाची साठवण एका खडकवासल्याइतकी! प्रत्यक्षात सगळा थर भिजलेला नसतो आणि दगडात शिरलेल्या पाण्यातले बरेचसे पाणी दगड सोडतही नाही. पण जे हळूहळू सुटते तेवढ्यावर हा ओढा वाहतो, त्यात ब्राउन ट्राउट मासे राहतात, बीव्हर बांध घालतात आणि टेबलांवर सावली धरणारी झाडे जगतात. हे पाणी आटले तर ती सावलीही जाईल.

माणूस इथे आला तो या हिशेबात अगदी शेवटी. ओढ्यापलीकडच्या कड्यावर लाल रंगात काढलेल्या मोठ्या मानवाकृती आहेत आणि उंच कपारींमध्ये धान्य साठवायच्या दगडी कोठ्या आहेत. फ्रीमॉन्ट संस्कृतीच्या लोकांची ही कामे. या संस्कृतीचा काळ साधारण इसवी सन ३०० ते १३०० असा मानतात. ते इथे मका पिकवत आणि उंदीर-खारींच्या हाती लागू नये म्हणून तो कपारीत ठेवत. कोलोरॅडो नदीच्या परिसरात नद्यांनी दऱ्या खोदण्याचा वेग अभ्यासकांनी मोजला आहे. ढोबळमानाने तो वर्षाला मिलिमीटरचा दहावा ते पाचवा भाग येतो. हाच वेग इथे धरला तर ती चित्रे काढली गेल्यानंतरच्या सुमारे हजार वर्षांत ओढा जास्तीत जास्त वीतभर खोल गेला असेल. कितीतरी पिढ्या आल्या नि गेल्या, आणि ओढ्याने खोदले एक वीत.

त्याच कड्यांवर वरून खाली उतरलेले काळपट पट्टे दिसतात. त्यातल्या काळ्या-तपकिरी चकाकीला वाळवंटी वार्निश म्हणतात. हवेतून आलेली धूळ, मँगनीज आणि लोह यांचा हा पातळ थर हजार वर्षांत एक ते चाळीस मायक्रोमीटर इतकाच वाढतो. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग जाडी यायला, वेगाने वाढला तर अडीच हजार वर्षे, संथपणे वाढला तर लाखभर वर्षे. या थरावर किल्लीने नाव कोरायला दहा सेकंद लागतात.

या मुलखापर्यंत पोहोचणे फार काळ अवघड होते. एस्कलांटे नदीचे नाव नकाशावर आले ते १८७२ साली, ॲल्मन थॉम्पसन या सर्वेक्षकामुळे. आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीत इतक्या उशिरा नोंद झालेली एवढी मोठी नदी दुसरी नाही. बोल्डर गावाचे टपाल तर विसाव्या शतकातही खेचरांच्या पाठीवरून जात असे. मग महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून खडक फोडून रस्ता झाला आणि तोच पुढे राज्याचा बारा क्रमांकाचा महामार्ग बनला. काफ क्रीकजवळ हा रस्ता एका अरुंद धारेवरून जातो. दोन्ही बाजूंना कठडा नाही, आहेत त्या फक्त दऱ्या. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हा सगळा प्रदेश ‘ग्रँड स्टेअरकेस–एस्कलांटे’ राष्ट्रीय स्मारक म्हणून राखीव केला. २०१७ मध्ये त्याचे क्षेत्र जवळजवळ निम्मे केले गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर्ववत झाले. आज ते सुमारे १८.७ लाख एकर आहे.

एवढ्या अफाट संख्यांमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक लहानशी संख्या. या स्मारकाच्या दुर्गम, अस्पर्शित भागांत एका गटाने बाराच्या वर माणसे नेऊ नयेत असा नियम आहे. लाखो एकर जमीन, मग बारा का, पन्नास का नाहीत? कारण जागा लाखो एकर असली तरी सगळी माणसे चालतात ती पाण्याच्या कडेनेच. काठाची पट्टी काही मीटर रुंद असते. बाजूच्या वाळूवर सूक्ष्मजीव, शैवाल आणि दगडफुलांनी बांधलेली काळसर, खडबडीत पापुद्र्यासारखी जिवंत माती असते. ती वाळूला धरून ठेवते, आणि एका पावलाने मोडली की नीट भरून यायला दशके लागतात, काही भागांत त्याहूनही अधिक. मला हा नियम योग्य वाटतो. जागेची धारणक्षमता एकरांत मोजून चालत नाही, ती पाण्याच्या काठाने मोजावी लागते.

दर उन्हाळ्यात अमेरिकेतली कितीतरी मराठी कुटुंबे दोन-तीन गाड्या काढून झायन, ब्राइस आणि आर्चेसच्या सहलीला जातात. ब्राइसहून पुढे निघताना मोठा महामार्ग सोडून बारा क्रमांकाचा रस्ता धरा आणि काफ क्रीकला थांबा. गाड्यांची जागा लवकर भरते, म्हणून सकाळीच पोहोचा. धबधब्यापर्यंत जायचे असेल तर प्रत्येकाजवळ भरपूर पाणी असू द्या, वाटेत सावली थोडी आहे. वळवाचे ढग दिसले तर घळीत पुढे जाऊ नका. मुलांना भिंतीतल्या तिरक्या रेषा दाखवा आणि त्या वाळूची गोष्ट सांगा. पायवाट सोडू नका, चित्रांना हात लावू नका, कोठ्यांवर चढू नका, आणि निघताना टेबलाखालचा शेवटचा कागदही उचलून गाडीत टाका.