हँडलचा मेगर : काटा भरकटला म्हणजे मीटर गेला असे नाही

तारांचे इन्सुलेशन तपासणारे, उचलून नेता येईल असे उपकरण ब्रिटनमध्ये सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ मध्ये तयार केले. ‘मेगर’ हे नाव १९०३ मध्ये नोंदले गेले. जुना मेगर हौसेने घेणाऱ्यांच्या मनात मात्र काही चुकीच्या समजुती असतात.

गैरसमज : हँडल थांबल्यावर काटा ठरावीक जागी परतत नाही, म्हणजे मीटर बिघडला.
वस्तुस्थिती : साध्या मीटरचा काटा स्प्रिंग परत आणते. मेगरमध्ये ती नसतेच. कोनात बसवलेल्या दोन कॉइल काट्याला विरुद्ध दिशांना ओढतात आणि त्यांतील प्रवाहांच्या गुणोत्तरानुसार तो स्थिरावतो. हँडल थांबले की काटा कुठेही राहतो. परीक्षा सोपी आहे : लीड सुट्या ठेवून फिरवल्यास काटा अनंतावर, टोके जोडून हळू फिरवल्यास शून्यावर यायला हवा.

गैरसमज : जोरात फिरवले की रीडिंग वाढते.
वस्तुस्थिती : व्होल्टेज वाढले की दोन्ही कॉइलमधला प्रवाह सारखाच वाढतो, गुणोत्तर तेच राहते. लांब केबलवर मात्र वेग कमी-जास्त झाला की केबल चार्ज-डिस्चार्ज होऊन काटा नाचतो. म्हणूनच अनेक मेगरमध्ये ठरावीक वेगानंतर घसरणारा क्लच असतो.

गैरसमज : हे काम मल्टीमीटरही करतो.
वस्तुस्थिती : साधा मल्टीमीटर काही व्होल्टवरच रोध मोजतो. ५०० व्होल्टच्या दाबाखाली गळणारे इन्सुलेशन त्याला ठणठणीत दिसू शकते.

गैरसमज : हाताने फिरवायचा, त्याचा कसला शॉक!
वस्तुस्थिती : शॉक बसतो. शिवाय लांब केबलमध्ये चाचणीनंतरही चार्ज उरतो. ती डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नये.

गैरसमज : जुने काळे कवच म्हणजे बेकेलाइटच.
वस्तुस्थिती : लिओ बेकलँड यांनी बेकेलाइट बनवले १९०७ मध्ये. त्याआधीपासून वापरात होते एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. वर्षानुवर्षे उजेडात राहून ते हिरवट-तपकिरी होते आणि त्याच्या पृष्ठभागावरून विजेची गळती होऊ लागते. लीड सुट्या असूनही काटा अनंताला पोचत नसेल, तर टर्मिनलच्या एबोनाइटवरही संशय घ्यावा.

गैरसमज : आतून स्पिरिटने पुसले की उपकरण नवे होते.
वस्तुस्थिती : जुन्या कॉइलवर अनेकदा लाखेचे, म्हणजे शेलॅकचे व्हार्निश असते आणि ते स्पिरिटमध्ये विरघळते. धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झाडावी.

पितळ चकाकते म्हणून जुन्या लीडवर विसंबू नका. त्यांचे रबर कडक होऊन तडकले असेल, तर आधी त्या बदला आणि मगच हँडल फिरवा.