आवाजाची बटणं

१५ ऑगस्ट जवळ आला की शाळेत भाषणांची तयारी सुरू होते. त्यातच शाळेत नवा अँप्लिफायर आला असेल तर विचारूच नका! ज्याचा हात आधी पोचतो तो दिसेल ते बटण पूर्ण फिरवतो. मग भोंग्यातून 'कुंईऽऽ' अशी शिट्टी येते आणि सगळ्यांचे हात कानांवर जातात!

खरं तर प्रत्येक बटणाचं काम वेगळं असतं, बरं का! आपण बोलतो तेव्हा माईक आवाजाचं विजेत रूपांतर करतो. ही वीज फारच क्षीण असते. ती वाढवून भोंग्याला पुरवायची, हे अँप्लिफायरचं काम.

माईकची बटणं जितके माईक तितकी असतात. हळू बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलीचा माईक थोडा वाढवायचा आणि खड्या आवाजाच्या सातवीतल्या मुलाचा कमी करायचा. मग दोघंही सारखीच ऐकू येतात. मास्टरचं बटण मात्र सगळे आवाज एकदम कमी-जास्त करतं.

आता बास आणि ट्रेबल. आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. तिथलं किंवा आपल्या गावातलं भजन आठवा. पखवाजाचा घुमणारा नाद म्हणजे बास आणि टाळांची किणकिण म्हणजे ट्रेबल. बास वाढला की भाषण नुसतं घुमतं, शब्द कळत नाहीत. ट्रेबल वाढला की 'स' आणि 'श' कानाला टोचतात. म्हणून दोन्ही मध्यावर ठेवून सुरुवात करायची. एका वेळी एकच बटण फिरवायचं, थांबायचं आणि ऐकायचं.

इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरवरही हीच बटणं असतात. शिवाय 'गेन' नावाचं एक असतं. ते खूप वाढवलं की सूर खरखरीत होतो. गिटारवाल्यांना तो मुद्दाम हवा असतो. भाषणाचं मात्र त्यानं वाटोळं होतं!

आणि ती शिट्टी? भोंग्याचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा भोंग्यातून येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. असं चक्र सुरू झालं की शिट्टी वाजते. उपाय सोपा आहे. भोंगे माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. आवाज थोडा कमी करा आणि माईकच्या जवळून बोला.

वायरी जोडण्याचं काम मोठ्या माणसांनाच करू द्या. पावसाळ्यात ओल्या हातानं कशालाच शिवू नका. आवाजाची बटणं शून्यावर आणूनच खटका चालू किंवा बंद करावा, म्हणजे भोंग्याला धक्का बसत नाही. आणखी एक. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, खास सवलतीचे मोजके दिवस सोडले तर, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगे लावता येत नाहीत. शेजारी अभ्यास करणारं किंवा आजारी कुणीतरी असतंच ना!

करून पाहा : एका मित्राला वही-पेन्सिल देऊन शेवटच्या रांगेत बसवा. माईकवरून दहा शब्द वाचा. त्याला ते ऐकून लिहू द्या. किती बरोबर आले? एक बटण थोडं फिरवा आणि नवे दहा शब्द वाचा. शेवटच्या रांगेत दहाच्या दहा शब्द बरोबर आले आणि पहिल्या रांगेत कुणी कानांवर हात ठेवले नाहीत, तर समजा, अँप्लिफायरशी तुमची दोस्ती झाली!