स्त्रियांचा खेळ कोणासाठी?

दुबई म्हटले की आपल्या बेटावरील बहुतेक मंडळींना तेथील विमानतळ आठवतो. लंडनला किंवा पॅरिसला जाताना तेथे चार तास काढलेले पुष्कळ जण आपल्यात आहेत. पण त्याच शहरात साऱ्या जगाच्या क्रिकेटचा कारभार चालतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. आपल्याकडे वेड फुटबॉलचे. क्रिकेटचे शौकीन थोडे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, म्हणजेच आयसीसी, १९०९ साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि २००५ साली आपले बिऱ्हाड दुबईला घेऊन आली. या संस्थेने २१ नोव्हेंबर २०२३ रोजी एक नियम जाहीर केला. त्यावरून वर्तमानपत्रांत आणि टेलिव्हिजनवर जो वाद झाला, त्याचा विचार आज आपल्या वाचकांसमोर मांडावा असे आम्हाला वाटते.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. जन्माच्या वेळी जिची नोंद मुलगा म्हणून झाली, पण जी स्वतःला स्त्री मानते आणि स्त्री म्हणून जगते, तिला आजच्या मराठीत पारलिंगी स्त्री म्हणतात. आयसीसीचा नियम असा की, जी पारलिंगी स्त्री पुरुषाच्या शरीराने वयात आली आहे, तिला स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळता येणार नाही. नंतर शस्त्रक्रिया झालेली असो वा औषधोपचार, नियम बदलत नाही. आधीच्या नियमात रक्तातील टेस्टोस्टेरॉन या हार्मोनचे प्रमाण पाहिले जाई. आता ते मोजमाप गेले. नऊ महिने सल्लामसलत करून हा निर्णय घेतल्याचे परिषदेने सांगितले, आणि आपल्या विचाराची चार सूत्रे क्रमाने दिली: स्त्रियांच्या खेळाचे रक्षण, खेळाडूंची सुरक्षितता, न्याय्य स्पर्धा आणि सर्वांचा समावेश. देशांतर्गत सामन्यांचा निर्णय मात्र ज्या त्या देशाच्या मंडळावर सोडला.

या नियमाचा पहिला परिणाम झाला तो डॅनिएल मॅकगेही हिच्यावर. जन्माने ऑस्ट्रेलियन असलेली ही खेळाडू त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लॉस एंजेलिस येथे कॅनडाकडून पात्रता सामने खेळली होती. अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळणारी ती पहिली पारलिंगी क्रिकेटपटू. दोन महिन्यांत तिचा आंतरराष्ट्रीय खेळ संपला.

दुसरे नाव आपल्या अधिक जवळचे आहे. भारताचे माजी कसोटीपटू आणि फलंदाजीचे प्रशिक्षक संजय बांगर हे मूळचे मराठवाड्यातील बीडचे. त्यांची कन्या अनाया बांगर यांचे बालपण मुलगा म्हणून आणि हातात बॅट घेऊन गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी आपला स्त्री होण्याचा प्रवास जाहीरपणे सांगितला. हार्मोनच्या उपचारांनी अंगातील ताकद कमी होत गेली आणि ज्या खेळावर जीव होता तोच सुटत चालला, हे दुःखही सांगितले. पुढे २०२५ साली मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात झालेल्या आपल्या शारीरिक चाचण्यांचा अहवाल पुढे ठेवून त्यांनी आयसीसीला आणि भारतीय मंडळाला विनंती केली की, आमच्यासारख्यांना खेळू द्या. निदान मोजून, तपासून निर्णय करा. बीडचे मूळ असलेल्या घरातील मुलीचे गाऱ्हाणे दुबईच्या कचेरीत जावे, असा हा काळ आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्त्रियांचे सामने वेगळे का घेतात? आम्ही शाळामास्तर. मुलामुलींच्या शर्यती वेगळ्या का, असे मुले आम्हाला दरवर्षी विचारतात. त्याचे उत्तर साधे आहे. दहा वर्षांपर्यंतची मुले-मुली एकत्र धावली तर फारसा फरक दिसत नाही. कित्येकदा मुलीच पुढे असतात. वयात येऊ लागले की मुलांची उंची, हाडे, स्नायू आणि फुप्फुसे वेगळ्या मापाने वाढतात. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, स्त्रियांचा १०.४९ सेकंदांचा. लांब उडीत पुरुषांचा ८.९५ मीटर, स्त्रियांचा ७.५२ मीटर. हे जगातील सर्वांत कसलेल्या खेळाडूंचे आकडे आहेत, तेव्हा हा फरक सरावाच्या कमतरतेने पडला असे म्हणता येत नाही.

क्रिकेटमध्ये तर ही गोष्ट साधनांतच उतरली आहे. पुरुषांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा, स्त्रियांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. स्त्रियांच्या सामन्यात सीमारेषा ६० ते ७० यार्डांवर असते, तर पुरुषांच्या सामन्यात ती ९० यार्डांपर्यंत जाते. म्हणजे स्त्रियांचा खेळ त्यांच्या शरीराच्या मापाने बेतलेला आहे. त्यात दुसऱ्या मापाने वाढलेले शरीर आले तर तोल बिघडेल, ही भीती निराधार नाही. वेगाने आलेला चेंडू अंगावर घेणाऱ्या मुलीच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

उपचारांनी हा फरक पुसला जातो का? डॉक्टरांचे आजवरचे म्हणणे असे की, रक्तातील हिमोग्लोबिन काही महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते, पण स्नायूंची ताकद वर्षभरात थोडीच घटते. उंची आणि हाडांची ठेवण तर बदलतच नाही. प्रत्यक्ष पारलिंगी खेळाडूंवर झालेले अभ्यास मात्र अगदी थोडे आहेत. अनाया बांगर यांचा आग्रह या उणिवेवर बोट ठेवतो, आणि तो ऐकण्याजोगा आहे.

दुसऱ्या बाजूला काय पणाला लागले आहे तेही पाहावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्त्रियांची टी-२० विश्वचषक स्पर्धा बांगलादेशातून हलवून दुबई आणि शारजा येथे घेण्यात आली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्सही. २०२३ च्या लिलावात स्मृतीला ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली. एके काळी स्वतःच्या खर्चाने, रेल्वेच्या साध्या डब्यातून सामन्यांना जाणाऱ्या बायकांनी ही जागा मिळवली आहे. संघात जागा अकरा. एक आत आली की एक बाहेर जाते. ज्या मुली आपली जागा राखू पाहतात त्यांना कोत्या मनाच्या म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता आयसीसीचा नियम आम्हाला योग्य वाटतो. परंतु तो गावच्या हौशी सामन्यांपर्यंत आणि लहान मुलांच्या खेळापर्यंत तसाच ओढावा, असे आम्हाला वाटत नाही. इंग्लंडच्या मंडळाने मे २०२५ मध्ये, तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिलमधील निकालानंतर, सर्व स्तरांवरील स्त्रियांचे सामने पारलिंगी स्त्रियांना बंद केले. खुल्या आणि मिश्र सामन्यांत त्यांना खेळता येते. जेथे बक्षीस नाही, निवड नाही, तेथे थोडे सबुरीने घेता आले असते.

येथवर खेळाचे झाले. पण ज्या देशात या नियमाची कचेरी आहे, तेथे खेळाबाहेर काय स्थिती आहे? संयुक्त अरब अमिरातीत स्त्रियांसाठी राखलेल्या जागा पुष्कळ. ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेल्या दुबई मेट्रोत स्त्रिया आणि मुलांचा वेगळा डबा असतो, आणि त्यात शिरणाऱ्या पुरुषाला दंड होतो. राष्ट्रीय सल्लागार सभेच्या ४० जागांपैकी निम्म्या २०१९ पासून स्त्रियांना दिल्या आहेत. या व्यवस्थेने तेथील स्त्रियांना, आपल्याकडून नोकरीसाठी गेलेल्या मुलींनाही, मोकळेपणाने फिरता येते, हे मान्य केले पाहिजे.

त्याच देशाचा कायदा पारलिंगी व्यक्तीला मात्र जागाच देत नाही. स्त्रीवेष करून स्त्रियांच्या राखीव जागी शिरणाऱ्या पुरुषाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार दिरहमपर्यंत दंड, असे कलम १९८७ च्या फौजदारी कायद्यात होते, आणि २०२१ च्या नव्या कायद्यातही ते ठेवले आहे. २०१६ च्या वैद्यकीय कायद्याने ज्यांचे लिंग जन्मतः अस्पष्ट आहे अशांना शस्त्रक्रियेची परवानगी दिली. केवळ मनाच्या ओढीने लिंगबदल करण्यास मनाई केली. त्यानंतर तेथील तीन स्त्रियांनी आपली नोंद पुरुष म्हणून करावी असा अर्ज कोर्टात केला, तो फेटाळला गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरहून आलेल्या एका पारलिंगी स्त्रीला आणि तिच्या मित्राला अबू धाबीच्या बाजारसंकुलात केवळ पेहरावावरून पकडण्यात आले. वर्षभराच्या कैदेची शिक्षा झाली. अपिलात ती दंड आणि हद्दपारीवर आली.

तेव्हा हा विरोधाभास पाहा. 'सर्वांचा समावेश' हे सूत्र ज्या शहरातून जाहीर झाले, तेथे जिच्याविषयी निर्णय झाला ती व्यक्ती आपली बाजू मांडायला बिनधास्त येऊ शकेल, अशी खात्री नाही. नियम बरोबर असला तरी ज्याच्यावर तो लागू होतो त्याचे म्हणणे समोरासमोर ऐकले गेले पाहिजे. शाळेत एखाद्या मुलाला वर्गाबाहेर उभे करायचे झाले तरी आधी त्याला विचारावे, एवढे तर आम्हाला शिक्षक-प्रशिक्षणातच सांगितले होते.

आता महाराष्ट्रातील एक उदाहरण देतो, कारण त्यात राखीव जागेचाच प्रश्न आहे आणि उत्तर निराळे आहे. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक होती. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. अशाच एका जागेसाठी अंजली गुरू संजना जान या पारलिंगी स्त्रीने अर्ज भरला. अधिकाऱ्याने तो नाकारला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २०१९ च्या कायद्याचा आधार घेऊन त्यांना स्त्री म्हणून उभे राहू दिले. यापुढे त्यांनी पुरुष म्हणून हक्क सांगू नये, एवढी अट घातली. त्याच महिन्यात गावकऱ्यांनी त्यांना निवडूनही दिले.

एके ठिकाणी नकार आणि दुसऱ्या ठिकाणी होकार, दोन्ही कसे बरोबर असतील, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, जागा राखली कशासाठी, ते आधी पाहावे. क्रिकेटमध्ये ती शरीराच्या फरकासाठी राखली. तेथे शरीर पाहावे लागते. पंचायतीत ती ज्यांना गावात कोणी विचारत नव्हते त्यांना आवाज मिळावा म्हणून राखली. तेथे चेंडूचे वजन आणि सीमारेषा यांचा संबंध नाही. मेट्रोच्या डब्यात प्रश्न लाजेचा आणि भयाचा आहे. तेथे त्या डब्यातील बायकांचे ऐकावे, आणि पुरुषांच्या डब्यात जी पारलिंगी स्त्री छळली जाते तिचेही. वर्तमानपत्रांतील वादात मात्र या तिन्ही गोष्टींची एकच मोट बांधतात. एक पक्ष प्रत्येक पारलिंगी स्त्रीला वेष पालटलेला लबाड ठरवतो. दुसरा पक्ष शंका काढणाऱ्या प्रत्येक बाईला द्वेष्टी ठरवतो.

या ओरड्याचा त्रास तिसऱ्याच मुलींना होतो, तो असा. तामिळनाडूची शांती सौंदराजन हिने २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले, आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ साली संघातून वगळले. २०१५ साली क्रीडा लवादाने तिला पुन्हा धावू दिले. या दोघी पारलिंगी नव्हेत. मुली म्हणून जन्मल्या, मुली म्हणून वाढल्या. गरीब घरच्या या मुलींच्या शरीराची चर्चा जगभर झाली. स्त्रियांच्या खेळाचे रक्षण करताना नियम असा हवा की तपासणी सर्वांची सारखी होईल, गुपचूप होईल, आणि कोणाच्या चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून संशय घेतला जाणार नाही.

हिंदी महासागर बेटांच्या क्रीडास्पर्धा २०१९ साली आपल्याच बेटावर झाल्या. आपल्या घरांतील मुलीही पुढेमागे अशा मैदानांवर उतरतील. त्यांना बरोबरीची स्पर्धा मिळावी, हे पाहणे आपले काम आहे. आणि आपल्याच एखाद्या घरात, आपल्याच एखाद्या वर्गात, इतरांसारखे न वाटणारे मूलही असेल. त्याला शर्यतीची कोणती रांग द्यावी याचा विचार शिक्षक करतील, क्रीडासंघ करतील. पण त्याला घरातल्या पंक्तीतून कोणी उठवू नये. या दोन गोष्टी एकाच घरात नांदू शकतात, असा आमचा विश्वास आहे.