जनाबाईचं भांडण

दुःख का येतं, या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तरं पुष्कळ आहेत. प्रारब्ध, मागच्या जन्मीचे भोग, देवाची परीक्षा. गंगाखेडच्या जनाबाईच्या कानांवरही ती पडलीच असणार. तिचं त्यांनी समाधान झालं नाही.

बाप दमा, आई करुंड. गोदाकाठची ही पोर लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि जन्मभर नामदेवांची दासी म्हणून राबली. साडेतीनशेच्या आसपास अभंग तिच्या नावावर आहेत. त्यांतल्या काहींत ती विठ्ठलाला चक्क शिव्या घालते. तो मेला, त्याची बायको विधवा झाली, असा तळतळाट करते. भक्तीच्या पुस्तकांत हे अभंग ‘लडिवाळ’ म्हणून बाजूला काढतात. मला ते पटत नाही. तो राग खरा आहे. देवाच्या गळ्यातलं पदक चोरल्याचा आळ तिच्यावर आला, सुळाची शिक्षा झाली, अशी कथा सांगतात. पुढे सुळाचं पाणी झालं, हे आपण रंगवून सांगतो. पण त्याआधी, केल्या सेवेचं हेच का फळ, हा प्रश्न उभा राहतोच.

आणि तरी तिने विठ्ठलाला सोडलं नाही. दळणाचं जड जातं एकटीने फार वेळ ओढवत नाही. समोरासमोर दोघी बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि एकीने मधूनच मूठभर दाणे तोंडात सोडायचे. जनाबाईच्या समोरची जागा रिकामी होती. तिथे तिने विठ्ठलाला बसवलं. तो दळतो, शेण्या वेचतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. दुःखाचं कारण तो सांगत नाही, कामाला हात लावतो. तिला सापडलेलं दैवी शहाणपण मला इथे दिसतं.

गंगाखेड ज्या परभणी जिल्ह्यात आहे, त्या मुलखाला असे प्रश्न नवे नाहीत. नामदेवांचं नरसी आणि विसोबा खेचरांचं औंढा नागनाथ १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. विसोबांनी पिंडीवर पाय ठेवले आणि देव नाही अशी जागा दाखव, असं नामदेवांना म्हणाले. आयत्या श्रद्धेला तो धक्काच होता. या मुलखाबाहेर, चोखोबांच्या घरात हे प्रश्न आणखी धारदार झाले. देह विटाळाचा म्हणता, तर विटाळावाचून कुठला देह जन्मला, असं त्यांची बायको सोयराबाई विचारते. मुलगा कर्ममेळा तर देवाजवळ येऊन आम्हाला मिळालं काय, असा हिशेबच मागतो. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना चोखोबा दरडीखाली गेले. अशा मरणाचं समाधानकारक उत्तर कुठल्याच गाथेत नाही.

संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गोळा केलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्यांत जनी आणि विठ्ठल पुन्हा पुन्हा भेटतात. दळणाऱ्या बायांनी तिच्यातलं नेमकं काय उचललं, ते त्यातून कळतं.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिकं पाण्याखाली गेली. अशा वेळी कुणीतरी शेतकऱ्याच्या घरी जाऊन ‘देवाची करणी’ म्हणतं आणि वर संतांचा दाखला देतं. जनाबाईचा दाखला त्याला मिळणार नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत पंढरीला जाते, वाटेत कीर्तनं होतात. त्या कीर्तनांत तिचे शिव्यांचे अभंगही निरूपणाला घ्यावेत, आणि ते तिच्याच गावापासून सुरू व्हावं, असं मला मनापासून वाटतं.