गच्चीवरचा बंब

अभ्यंगस्नानाला कढत पाणी हवे, ह्याबद्दल महाराष्ट्रात दुमत नाही. मतभेद असतो तो ते तापवावयाचे कशावर, एवढ्यापुरताच. तांब्याचा बंब माळ्यावर गेला, विजेचे बिल वाढत चालले, आणि आता आमच्या जालन्यातल्या गच्च्यांवर काळ्या काचनळ्यांची रांग ऊन खात पडलेली दिसते. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण. सोन्याचे काय ते सराफ जाणोत, उन्हाची मात्र येथे ददात नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. तरीही गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शिडी, दोरी आणि टेप घेऊन गच्चीवर चढलो, त्याला कारण आमच्या आई. वय ऐंशीच्या पुढे, आणि स्नान पहाटे चारला. ह्या नेमात बदल नाही.

“अरे, मी उठते चारला. तुझा सूर्यनारायण उठतो साडेसहाला. मग माझं पाणी तापवतो कोण?”

“कालचं ऊन, आई,” मी म्हणालो.

ही थट्टा नव्हे. ही नळी म्हणजे लांबलचक थर्मासच. एकात एक अशा दोन काचनळ्या, मधली हवा काढून घेतलेली, आतल्या नळीवर ऊन शोषणारा काळा लेप. जेम्स ड्यूअर ह्या शास्त्रज्ञाने 1892 च्या सुमारास निर्वात भांडे केले, त्याचेच हे भावंड. उष्णता आत शिरते, पण निर्वात पोकळीमुळे सहजी बाहेर पडत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, गार पाणी खाली येते. पंप लागत नाही. टाकीला जाड अस्तर असल्याने रात्रभर ऊब टिकते.

प्रश्न उरतो जागेचा. फिटरने जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला बोट दाखवले. “सर, इथंच बसवू. न्हाणीघर खालीच आहे, पाइप कमी लागंल. अन् ऊन बघा की, लख्ख आहे!”

ऊन लख्ख होते हे खरेच; पण ते दिवाळीचे ऊन. जालना उत्तर अक्षांश 20 अंशांच्या जवळ. दिवाळीनंतर सूर्य आणखी दक्षिणेला सरकतो, आणि 22 डिसेंबरच्या सुमारास भर मध्यान्हीही तो क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो. आमची जिन्याची खोली आठ फूट उंच. दिवाळीच्या मध्यान्ही तिची सावली साडेपाच फूट, डिसेंबरात साडेसात, आणि त्या दिवसांत सकाळी साडेनवाच्या सुमारास पंधरा फूट! म्हणजे कढत पाण्याची खरी निकड असते तेव्हाच नळ्या सावलीत.

म्हणून खोलीच्या दक्षिणेची जागा ठरली. तेथे दुसरे संकट उभे राहिले. “अहो, ती माझी कुरडयांची जागा!” सौभाग्यवतींनी बजावले. पण तोड सूर्यानेच काढून ठेवली होती. कुरडया-पापड चैत्र-वैशाखातले. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. एप्रिलच्या मध्यास मध्यान्ही त्याच खोलीची उत्तरेकडची सावली दीड फूटसुद्धा भरत नाही. उन्हाळ्याचे काम उत्तरेला, हिवाळ्याचे दक्षिणेला. गच्चीची वाटणी भांडण न होता झाली.

नळ्यांचे तोंड खऱ्या दक्षिणेकडे हवे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रातली रीत अजूनही उत्तम: सपाट जागी काठी उभी रोवावी, तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सावलीचे टोक सकाळी वर्तुळात शिरते आणि दुपारनंतर बाहेर पडते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला काटकोनात दक्षिणोत्तर. नळी गोल असल्याने दहा अंशांच्या फरकाने फारसे बिघडत नाही. सावलीने मात्र फार बिघडते. उतार अक्षांशाहून 15 अंश अधिक, म्हणजे 35 च्या आसपास ठेवावा. त्याने हिवाळ्यातले ऊन जवळजवळ सरळ पडते आणि मे महिन्यात पाणी उगाच उकळत नाही.

आमची नळी न्हाणीघरापर्यंत तीस फूट लांबली. पाऊण इंची नळीत तेवढ्यात अडीच-तीन लिटर गार पाणी अडते. दिवसांआड नळ येणाऱ्या गावी ते मोरीत सोडू नये, बादलीत धरावे. टाकी रिकामी राहिलीच, तर उन्हात तापलेल्या कोरड्या नळ्यांत दुपारी गार पाणी सोडू नये, काच तडकते. पहाटे किंवा रात्री भरावी. आणि दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. ते तुळईवर किंवा भिंतीवर येऊ द्यावे.

पौषात एका पहाटे न्हाणीघरातून आईचा आवाज आला, “अरे, विसण आण रे, चटका बसतो!” माझ्या सगळ्या आकडेमोडीची एवढी परीक्षा मला पुरली.

वाचकहो, ह्या दिवाळीत तुम्हीही गच्चीवर जाणार असाल, तर आजचे ऊन पाहून भुलू नका. शेजाऱ्याची पाण्याची टाकी, नारळ, कठडा, सगळ्यांची उंची मोजा आणि मार्गशीर्ष-पौषातली सावली आधी जमिनीवर खडूने आखा. खडूच्या आतली जागा कुरडयांना द्या, बाहेरची सूर्याला.