डॉ. बावसकरांचे पेपर कसे वाचायचे?

एखाद्या संशोधकाची प्रकाशनांची यादी उघडली की नजर आधी आकड्यांवर जाते. पेपर किती, सायटेशन किती. पीएचडी करणाऱ्यांच्या कानावर तर हे आकडे रोजच पडतात. आज एक यादी वेगळ्या पद्धतीने वाचून बघू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांची, विंचूदंशावरची.

हीच का? आपल्या मुरुमकडे गोवऱ्या काढताना, दगड उचलताना विंचू चावणं काही नवीन नाही. आणि बावसकर मूळचे मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले. पुढचे बरेचसे पेपर या भागातल्या रुग्णांवरचेच, आणि अनेकांवर त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचंही नाव आहे.

१९८२ : आधी नीट बघणं

आपण मोठ्या काळ्या इंगळीला घाबरतो. जीवावर बेततो तो मात्र बहुतेकदा लहानसा लाल विंचू. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या पेपरात बावसकरांनी विचारलं, चावल्यानंतर कुणाचं हृदय धोक्यात येणार हे आधी ओळखता येईल का? उत्तरासाठी यंत्र लागत नव्हतं. उलट्या, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा. ही लक्षणं दिसली की पुढे हृदयावर परिणाम होण्याची भीती. ईसीजी नसलेल्या केंद्रातल्या डॉक्टरला हे किती उपयोगाचं, विचार करा.

१९८६ : गोळी

हे विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा बंद होऊ देत नाही. त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे रुग्णाला मारतं ते शरीराचं स्वतःचंच वादळ.

मग ज्या दारावर ही रसायनं थाप मारतात, तेच दार बंद केलं तर? प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी नेमकं तेच करते. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यावर बावसकर दांपत्याचं छोटं पत्र छापून आलं. हो, पत्रच. यादीत ते एका ओळीचं दिसतं. पण गंभीर रुग्णांमधला मृत्युदर पूर्वी साधारण तीस टक्के होता आणि प्राझोसिननंतर एक टक्क्याच्या आसपास आला, असं बावसकरांच्या पुढच्या लेखनात आहे.

इथे जरा थांबायचं. 'आधी आणि नंतर'ची तुलना मोहात पाडणारी असते. मधल्या काळात रस्ते सुधारले, लोक लवकर दवाखान्यात येऊ लागले, तरी मृत्यू कमी होतातच. मग फरक गोळीचा किती आणि बाकीच्याचा किती? इतका मोठा फरक सगळा रस्त्यांमुळे पडला असेल असं वाटत नाही. पण नेमकं उत्तर हवं असेल तर एकाच वेळी दोन गट हवेत.

२०११ : चिठ्ठ्या टाकून तुलना

तोवर लाल विंचवाच्या विषावरची प्रतिविष लस आलेली होती. नुसती गोळी पुरेशी की गोळी आणि लस दोन्ही द्यावं? महाडला ७० रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, ३५-३५ च्या दोन गटांत विभागणी झाली. निकाल २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. दोन्ही दिलेल्यांपैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवाल्यांपैकी ८. बरं व्हायला लागलेला वेळ साधारण ८ तास विरुद्ध १७.७ तास.

याच्याही मर्यादा बघा. कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं. अभ्यास एकाच ठिकाणचा. मोजलं ते बरं होण्याचा वेळ; मृत्यू कमी होतात का, हे ७० जणांत कळणंही अवघड. म्हणून २०१४ चा पेपर महत्त्वाचा. पुदुच्चेरीच्या जिपमरमधल्या दुसऱ्याच डॉक्टरांनी लहान मुलांवर तशीच चाचणी केली, आणि तिथेही लस व गोळी दोन्ही दिलेली मुलं लवकर सावरली. दुसऱ्याने, दुसऱ्या गावात तपासलं आणि तेच निघालं, की विश्वास वाढतो.

मग यादी कशी वाचायची?

लक्षणं ओळखली, कारण समजून घेतलं, औषध दिलं, मग त्याच औषधाला तुलनेत उभं केलं. १९८२ ते २०११, प्रश्न एकच. बावसकरांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ती नसती तरी या चार पायऱ्या तशाच राहिल्या असत्या. पुढच्या वेळी कुणाची यादी बघाल तेव्हा एवढंच शोधा : पुढचा पेपर आधीच्या पेपरात उरलेला प्रश्न सोडवतोय का?

आणि घरच्यांना एक सांगून ठेवा. विंचू चावल्यावर घाम, उलटी किंवा थंड हातपाय दिसले की उतारा, मंत्र यांत वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. प्राझोसिन घरी ठेवून आपल्या मनाने द्यायची गोळी नाही. पहिल्या डोसने रक्तदाब एकदम उतरू शकतो. ती डॉक्टरांच्या नजरेखालीच.