थांबलेली विहीर संपलेली नसते

मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर, सुमारे ७५ मीटर खोल समुद्रात मुंबई हायचं तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकात तिथून दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक तेल निघत होतं. आता हा आकडा दीड लाखाच्या आत आला आहे. ही घसरण ऐकली की लोक म्हणतात, तिथलं तेल संपलं, आता दुसरीकडे खणा. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. अशा देशाला हा समज परवडणारा नाही, कारण तो अर्धाच खरा आहे.

‘विहीर वाहायची थांबली म्हणजे तेल संपलं’

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. पाण्यात भिजवलेल्या विटेत पाणी मुरतं, तसं तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. मुंबई हायमध्ये हा खडक मुख्यतः चुनखडीचा आहे आणि तो समुद्रतळाखाली तेराशे-चौदाशे मीटरच्या आसपास सापडतो. अशा खडकातलं सगळं तेल कधीच निघत नाही. जगभरातली सरासरी धरली तर मूळ साठ्याच्या जेमतेम एक तृतीयांश तेल वर येतं. नॉर्वेने हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या पुढे नेलं आहे, तरी तिथेही निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहतं.

मग विहीर थांबते कशाने? साठ्यातला दाब उतरणं हे एक कारण. पण कितीतरी वेळा कारण खडकात नसतं, विहिरीच्या नळीत असतं. मुंबई हायच्या तेलात मेणाचा अंश भरपूर आहे. तेल वर येताना थंड होतं आणि हे मेण नळीच्या आतल्या बाजूला थरांनी बसतं. कुठे क्षार साचतात, कुठे तळाशी वाळू जमते. गॅस लिफ्टच्या विहिरीत नळीतल्या तेलात वरून वायू सोडतात, म्हणजे तेलाचा स्तंभ हलका होऊन वर चढतो. त्यातला एक व्हॉल्व्ह बिघडला, तरी उत्पादन एकदम खाली येतं. शिवाय दाब टिकवण्यासाठी साठ्यात पाणी भरतात. मुंबई हायमध्ये हे काम १९८४ पासून चालू आहे. ते पाणी खडकातल्या अधिक मोकळ्या थरांतून पुढे घुसतं आणि तेलाच्या आधी विहिरीत पोहोचतं. मग विहीर दिवसभर पाणीच ओकत राहते आणि शेजारच्या थरातलं तेल जागच्या जागी अडकून बसतं. यातला प्रत्येक दोष शोधता येतो. बरेचसे दुरुस्तही होतात.

‘दुरुस्ती करायची म्हणजे रिग आणायलाच हवी’

माझ्या मते सगळ्यात जास्त तेल या समजुतीपायी मागे राहिलं आहे. रिग लावून केलेल्या दुरुस्तीला वर्कओव्हर म्हणतात. त्यात आधी विहिरीत जड द्रव भरून ती ‘किल’ करतात, म्हणजे तिचा प्रवाह बंद पाडतात. मग वरचं ख्रिसमस ट्री, म्हणजे व्हॉल्व्हची जोडणी, उतरवतात आणि आतली ट्युबिंग एकेक नळी सोडवत बाहेर काढतात. ट्युबिंग गंजून फुटली असेल तर याला पर्याय नाही. पण समुद्रात रिगचं भाडं दिवसावर चढतं, रिग मिळायला महिने थांबावं लागतं, आणि भरलेला जड द्रव खडकाच्या छिद्रांत शिरून नवीच अडचण उभी करू शकतो. त्यामुळे मोजकं जास्तीचं तेल देणाऱ्या विहिरीची दुरुस्ती हिशेबात बसत नाही आणि ती यादीत मागे मागे पडत जाते.

हलक्या पद्धतीत विहीर किल करत नाहीत. ती दाबाखाली असतानाच आत उतरतात. यातली सगळ्यात साधी पद्धत म्हणजे स्लिकलाइन: जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची पोलादी तार, तिच्या टोकाला अवजारं आणि वर फिरवणारा ड्रम. त्या तारेने मेण खरवडतात, तळ चाचपतात, दाब आणि तापमान मोजतात. मुंबई हायसारख्या ठिकाणी महत्त्वाचं काम म्हणजे गॅस लिफ्टचा व्हॉल्व्ह बदलणं. हा व्हॉल्व्ह ट्युबिंगच्या कडेला केलेल्या खोबणीत बसवलेला असतो. तारेवरचं अवजार वाकून त्या खोबणीत शिरतं आणि जुना व्हॉल्व्ह उपसून नवा बसवतं. ट्युबिंग जागची हलत नाही. काम सुरळीत झालं तर एक-दोन दिवसांत उरकतं.

तारेतून वीज आणि संदेश जात असतील तर ती इलेक्ट्रिक लाइन. पाणी नेमकं कोणत्या थरातून येतंय हे तिच्यावरच्या मोजमापांनी कळतं. मग तो थर प्लगने बंद करायचा आणि वरच्या थरासमोर केसिंगला, म्हणजे विहिरीच्या भिंतीला आधार देणाऱ्या पोलादी नळीला, नवी छिद्रं पाडायची.

जिथे द्रव पंप करायचा असतो तिथे कॉइल्ड ट्युबिंग लागतं. ही अखंड पोलादी नळी, साधारण एक ते साडेतीन इंच व्यासाची, प्रचंड रिळावर गुंडाळलेली असते. ती तळापर्यंत उतरवून नायट्रोजन सोडला की विहिरीतला जड द्रव हलका होऊन बाहेर पडतो आणि थांबलेली विहीर पुन्हा वाहू लागते. वाळू धुऊन काढायची असो की नेमक्या थरावर ॲसिड सोडायचं असो, तीच नळी कामी येते. चुनखडी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळते, म्हणून मुंबई हायच्या खडकात हा उपाय चांगला लागू पडतो.

‘हे सगळं नवं, अजून न तावून सुलाखलेलं तंत्र आहे’

फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे श्लुंबर्जे बंधूंच्या चमूने तारेवरून विहिरीचं पहिलं विद्युत मोजमाप केलं ते १९२७ मध्ये. चुनखडीत ॲसिड सोडण्याचं हर्मन फ्राश यांचं पेटंट १८९६ चं आहे. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विहिरीत केसिंगच्या आतून गोळ्या झाडून छिद्रं पाडली. आटली म्हणून सोडून दिलेली ती विहीर पुन्हा तेल देऊ लागली. कॉइल्ड ट्युबिंगचं पहिलं यंत्र १९६२ चं. नव्वदच्या दशकात भर पडली ती ट्रॅक्टरची. तार स्वतःच्या वजनाने खाली जाते. विहीर आडवी वळली की ती अडते. तिथे चाकांचा छोटा ट्रॅक्टर अवजारांना पुढे ओढून नेतो.

‘समुद्रतळावरच्या विहिरीला तरी रिगशिवाय गत्यंतर नाही’

मुंबई हायमधल्या विहिरींची तोंडं बहुतांशी पाण्याच्या वर, प्लॅटफॉर्मवर आहेत. तिथे हात पोहोचतो. उत्तर समुद्रात मात्र शेकडो विहिरींची तोंडं थेट समुद्रतळावर आहेत. अशा विहिरींतून मिळणाऱ्या तेलाचं प्रमाण प्लॅटफॉर्मवरच्या विहिरींपेक्षा कमी राहतं, आणि त्याचं एक मोठं कारण हे की त्यांची देखभाल वेळच्या वेळी होत नाही.

यावर तिथे जो तोडगा निघाला तो मला या क्षेत्रातल्या हुशार कामांपैकी एक वाटतो. रिग समुद्रतळापासून वरपर्यंत रायझर नावाचा जाड पाइप उभारते आणि त्यातून काम करते. ब्रिटिश समुद्रात १९८७ पासून ‘सीवेल’ या जहाजाने आणि २००५ नंतरच्या काळात नॉर्वेच्या जहाजांनी तो पाइपच वगळला. जहाज नांगर न टाकता संगणकाच्या आधारे पंख्यांवर एका जागी स्थिर राहतं. दाब अडवणारी सगळी यंत्रणा रिमोटवर चालणाऱ्या पाणबुडी यंत्राच्या मदतीने विहिरीच्या तोंडावरच बसवतात. तार उघड्या पाण्यातून खाली जाते आणि तिच्याभोवतीची फट दाबाने भरलेल्या ग्रीसने बंद राहते. रिगच्या तुलनेत खर्च एक तृतीयांश ते निम्म्यावर येतो, असा या उद्योगातला सर्वसाधारण अंदाज आहे. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातल्या विहिरीही अशाच तळावर आहेत, त्यामुळे हा अनुभव आपल्या कामाचा आहे.

‘हलकं काम म्हणजे कमी धोक्याचं काम’

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आसाममधल्या बागजान इथे २७ मे २०२० रोजी एका उत्पादक वायूविहिरीतून वायू अनावर होऊन उसळला. तिथे रिग लावून वर्कओव्हर चालू होतं. ९ जूनला विहिरीने पेट घेतला, दोन अग्निशामक जवान गेले, आजूबाजूच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली आणि विहीर पुरती बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. किल केलेली विहीर हा अनर्थ करू शकते, तर दाबाखालच्या जिवंत विहिरीत काम करताना शिस्त किती कडक हवी! वायू आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये तपासून पाहिलेले दोन स्वतंत्र अडथळे हवेत, आणि एक अडथळा काढण्याआधी दुसरा दाब पेलतो याची खात्री झालेली हवी. कामाचं वजन कमी झालं म्हणून या नियमात कसलीही सूट मिळत नाही.

कॉइल्ड ट्युबिंगची नळी रिळावरून सुटताना आणि परत गुंडाळताना दर वेळी कायमची वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. त्यामुळे तिच्या प्रत्येक तुकड्याचं आयुष्य मोजून नोंदवावं लागतं. तार तुटली आणि अवजारं तळाशी पडली तर ती काढण्यात दिवस जातात, कधी शेवटी रिगच बोलवावी लागते आणि स्वस्त म्हणून निवडलेलं काम महागात पडतं. निदान चुकलं तरी तेच होतं: ॲसिड पाण्याच्या थरात गेलं की विहीर आधीपेक्षा जास्त पाणी देऊ लागते. म्हणून ज्या विहिरीचं मोजमाप झालेलं नाही, तिच्यात घाईने ॲसिड सोडणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

फुटलेलं केसिंग, गंजलेली ट्युबिंग, पूर्ण उतरलेला दाब यांवर तारेकडे उत्तर नाही. पण बाकीच्या बऱ्याच दोषांवर आहे, आणि ते तपासून पाहण्याची संधीही आता आहे: २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांकरता तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली आहे. या दहा वर्षांत किती नव्या विहिरी खणल्या याच्या जोडीला, बंद वा मंदावलेल्या किती विहिरींचं मोजमाप झालं, किती व्हॉल्व्ह बदलले आणि त्यातून किती बॅरल परत मिळाले, हा हिशेबही वर्षाच्या वर्षाला मांडला जावा. जिथे मोजमापाअंती खरोखरच काही उरलेलं नाही असं दिसेल, तिथे विहीर कायमची बंद करण्याच्या कामाची सुरुवातही हीच तार आणि हीच नळी कमी खर्चात करून देते.